दुखायच्या आधीची कीड

दात किडायला लागतो तेव्हा दुखत नाही. पुढे कित्येक महिने, कधी दोन-दोन वर्षंही, तो दुखत नाही. मग एके दिवशी माठातलं गार पाणी झोंबतं, काही दिवसांनी त्या बाजूने चावणं आपोआप बंद होतं, आणि एका रात्री दाढ अशी ठणकायला लागते की उशीवर डोकं टेकवत नाही. सकाळी माणूस दवाखाना उघडायची वाट बघत उभा असतो. पुण्यात दातांच्या डॉक्टरांची वानवा नाही; सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत गल्लोगल्ली पाट्या आहेत. तरी कितीतरी जणांची पहिली भेट ठणका लागल्यावरच होते, कारण दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं आपण धरून चालतो. दाताच्या बाबतीत ही समजूत महागात पडते. का, ते दाताची रचना पाहिली की कळतं.

दाताचं बाहेरचं पांढरं आवरण म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. वजनाने पाहिलं तर त्यात जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही, एकही जिवंत पेशी नाही. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. म्हणून कातडी कापली तर भरून येते, हाड मोडलं तर जुळतं, पण इनॅमलचा तुकडा गेला की तो परत येत नाही. आणि मज्जातंतूच नसल्यामुळे त्याला भोक पडत असताना आपल्याला कळायला काही मार्ग नसतो.

इनॅमलच्या आत डेंटीन. ते पिवळसर, आणि त्यात खनिज ७० टक्क्यांच्या आसपास, म्हणून बरंच मऊ. डेंटीनमध्ये अतिशय बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी, आणि त्या सगळ्या आतल्या गाभ्याकडे जातात. गाभ्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. यालाच आपण दाताची नस म्हणतो. गार किंवा गोड लागून जी सणक जाते ती या नळ्यांमधला द्रव हलल्याने. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं तरी अशी सणक येते. पण दाढेवर काळा डाग आहे आणि सणकही येते आहे, तर कीड इनॅमल ओलांडून डेंटीनमध्ये शिरली आहे असं समजावं. म्हणजे शरीराने दिलेली पहिली खबरच मुळात उशिराची असते.

कीड लागते म्हणजे काय होतं

जंतू प्रत्येकाच्या तोंडात असतात. सकाळी उठल्यावर जिभेला दातांवर जो बुळबुळीत थर लागतो तो त्यांचाच. यातले काही जंतू, त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स आणि लॅक्टोबॅसिलस ही नावं ठळक, आपण खाल्लेली साखर वापरतात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल थराखाली दाताला चिकटून राहतं आणि इनॅमलमधलं खनिज विरघळवतं. जंतू, साखर आणि आम्ल यांची ही सांगड विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्ये मांडली. त्याआधी जगभर लोकांना वाटायचं की दातात अळी होते आणि ती दात कुरतडते. आपल्याकडे अजूनही गावच्या बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातल्या अळ्या काढून दाखवणारे भेटतात. भांड्यात दिसतात त्या पांढऱ्या बारीक वस्तू म्हणजे तापून फुटलेल्या बियांमधले कोंब. दातात अळी कधीच नसते, आणि या धुरीच्या नादात गेलेले महिने कीड मात्र वापरून घेते.

आम्ल किती तीव्र आहे हे पीएच या मोजमापाने सांगतात. आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. तोंडात एरवी पीएच ७ च्या आसपास असतं. ते साधारण ५.५ च्या खाली उतरलं की इनॅमल विरघळायला लागतं. गोड काही खाल्लं की काही मिनिटांतच जंतूंच्या थरातलं पीएच या रेषेच्या खाली जातं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुते, मारते, आणि अर्ध्या ते एका तासात पीएच पूर्ववत करते. रॉबर्ट स्टेफन या संशोधकाने १९४० च्या दशकात ही चढउतार प्रत्यक्ष मोजून दाखवली. पीएच वर आलं की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट इनॅमलमध्ये पुन्हा बसतं. असा हा खनिजाचा जमाखर्च आपल्या प्रत्येकाच्या तोंडात रोज चालू असतो. खर्च जमेपेक्षा जास्त होऊ लागला आणि महिनोन्‌महिने तसाच राहिला, की कीड लागली म्हणायचं.

यातून निघणारी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तीच सर्वांत कमी सांगितली जाते. दाताच्या दृष्टीने गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त मोलाचं आहे.

हिंजवडीत किंवा बाणेरला नोकरी करणाऱ्या कुणाचाही दिवस घ्या. सकाळी सातला साखरेचा चहा आणि दोन बिस्किटं. साडेदहाला ऑफिसखालच्या अमृततुल्यवर दुसरा चहा, बरोबर क्रीमरोल. दीडला जेवण आणि वर बडीशेप-खडीसाखर. तो खडा गालात धरून पाच-दहा मिनिटं चघळला जातो. चारला चहा. सहाला चहा आणि चार बाकरवड्या. घसा खवखवतो म्हणून परतीच्या वाटेवर एक गोड गोळी. रात्री जेवणानंतर मुलांबरोबर चॉकलेटचा तुकडा. सात वेळा पीएच खाली गेलं. दर वेळी तासभर धरला तर जागेपणीचा जवळजवळ निम्मा वेळ इनॅमल खनिज गमावत होतं, आणि मधल्या वेळेत लाळेला भरपाईला धड सवड मिळाली नाही. या माणसाला विचारलं तर तो खरोखरच सांगेल की मी गोड फारसं खात नाही. दुसरीकडे कुणी पाडव्याला एका बैठकीत तीन वाट्या श्रीखंड खाल्लं, तर पोटावर आणि रक्तातल्या साखरेवर त्याचा ताण येईल तो येईलच, पण दातांवर त्या दुपारी आम्लाची एकच फेरी झाली.

हे माणसांवर तपासून पाहिलं गेलं आहे, आणि ती हकीकत दुःखद आहे. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म या मतिमंदांच्या रुग्णालयात १९४० च्या दशकात तिथल्या रुग्णांना मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे साखर खायला दिली. काहींना जेवणाबरोबर, काहींना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफीच्या रूपात. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे जास्त किडले नाहीत. मधल्या वेळेत टॉफी चघळणाऱ्यांचे दात झपाट्याने गेले. ज्यांना नकार देता येत नव्हता अशा माणसांवर केलेला हा प्रयोग आज कुठेही मान्य होणार नाही, होऊही नये. पण दातांबद्दलची ही माहिती त्यांच्या दातांच्या मोलाने मिळाली आहे, तेव्हा निदान ती वापरली तरी पाहिजे.

साखरेच्या जागी गूळ घातला, मध घातला तरी जंतूंना फरक पडत नाही. गुळाच्या चहानेही पीएच तेवढंच उतरतं. वेफर, खारी, बिस्किटं यांचा पिठूळ लगदा दाढांच्या खाचांत बसून राहतो आणि तिथेच त्याची साखर होते, म्हणून तिखट-खारट खाणाराही सुटत नाही. चहा सोडा असं मी पुण्यात कुणाला सांगणार नाही. पण पाचातले दोन-तीन चहा बिनसाखरेचे करता येतात, आणि खडीसाखरेऐवजी नुसती बडीशेप चालते. जेवण झाल्यावर खळखळून चूळ भरायची आपली जुनी सवय फार चांगली आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये ती लाजेखातर सुटते, तेवढी सोडू नये. लिंबू सरबत किंवा संत्रं झाल्यावर मात्र लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या. आम्लाने वरचा थर तात्पुरता हळवा झालेला असतो आणि ब्रशने तो घासला जातो.

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. म्हणून रात्रीचा ब्रश सकाळच्या ब्रशपेक्षा महत्त्वाचा, आणि रात्री ब्रश केल्यावर साखर घातलेलं दूध पिऊन झोपणं हे दातांसाठी अगदी वाईट.

जेव्हा ड्रिल लागत नाही

खनिज जायला लागलं की इनॅमलवर पहिल्यांदा खडूसारखा पांढरट, निस्तेज डाग दिसतो. बहुधा हिरडीच्या काठाला किंवा दाढेच्या खाचेत. ओल्या दातावर तो दिसत नाही, म्हणून डॉक्टर तपासताना हवेच्या फवाऱ्याने दात कोरडा करतात. या टप्प्यावर वरचा पातळ थर अजून शाबूत असतो, आतला भाग पोकळ व्हायला लागलेला असतो. आणि हा डाग थांबवता येतो. अनेकदा तो पुन्हा भरूनही निघतो. इथे काहीही कोरावं लागत नाही.

हे काम करतं फ्लोराईड. लाळेतलं खनिज इनॅमलमध्ये परत बसताना फ्लोराईड हजर असेल तर ते त्यात सामावतं, आणि तयार होणारं खनिज आम्लापुढे मूळच्यापेक्षा जास्त टिकाव धरतं. ते विरघळायला पीएच ४.५ च्या आसपास उतरावं लागतं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ मध्ये नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराईड घालायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांच्या दातांतली कीड पुढच्या वर्षांत चांगलीच घटली. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड गरजेपेक्षा जास्त असतं, त्याने मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि हाडांनाही त्रास होतो. त्यामुळे फ्लोराईडबद्दल लोकांच्या मनात भीती आहे, आणि ती निराधार नाही. पण ती गिळलेल्या, पाण्यातून वर्षानुवर्षं पोटात गेलेल्या फ्लोराईडची गोष्ट आहे. टूथपेस्टमधलं फ्लोराईड दाताच्या पृष्ठभागावर काम करतं आणि थुंकून टाकलं जातं.

घरातली ट्यूब उचलून मागचं बारीक अक्षर वाचा. फ्लोराईड लिहिलेलं नसेल तर दात स्वच्छ होतील, तोंडाला चव येईल, पण खनिज परत बसवायला मदत मिळणार नाही. बऱ्याच वनौषधी पेस्टमध्ये ते नसतं. मोठ्यांसाठी साधारण १००० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराईड असलेली पेस्ट, दिवसातून दोनदा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, आणि मोठ्या माणसाने समोर उभं राहून. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा आणि तेवढंच. पाण्याने तोंड धुऊन काढलं तर फ्लोराईडही गेलं. जेवणानंतर चूळ हवी आणि ब्रशनंतर नको, हे आधी विचित्र वाटतं, पण दोन्हीचं कारण वर आलंच आहे.

मशेरीबद्दल एक वाक्य लिहिलंच पाहिजे, कारण अजून कितीतरी घरांत आजी आणि मावशा सकाळी तिनेच दात घासतात. ती भाजलेली तंबाखू आहे. तिने दाढेची कळ थोडी बधिर होते म्हणून बरं वाटतं; कीड तशीच राहते, हिरड्या खराब होतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

भोक पडल्यावर

पांढऱ्या डागाकडे कुणी पाहिलं नाही की एक दिवस वरचा थर आत ढासळतो. आता ते खरोखर भोक असतं, ब्रश आत पोचत नाही, आणि पेस्टने ते बुजत नाही. कीड डेंटीनला पोचली की ती आडवी पसरते, कारण डेंटीन मऊ असतं. म्हणून वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसणारा काळा ठिपका आत वाटाण्याएवढा निघतो. डॉक्टरांनी एवढंसं होतं ते उगाच मोठं केलं, अशी तक्रार आपण ऐकतो, कधी करतोही. ते आतून मोठंच असतं. दोन दाढांच्या फटीत लागलेली कीड तर आरशातही दिसत नाही. ती एक्स-रेमध्ये दिसते, आणि तिथेही तीस-चाळीस टक्के खनिज गेल्यावरच ठळक दिसते. त्यामुळे दुखत नसताना काढायला सांगितलेला छोटा एक्स-रे हा बऱ्याचदा सर्वांत कामाचा असतो.

खुर्चीत बसल्यावर काय होतं ते माहीत असलं की भीती निम्मी होते. आधी हिरडीत लिग्नोकेनचं इंजेक्शन. खालच्या दाढेसाठी ते जबड्यात मागे देतात, आणि ओठ जड झाला, सुजल्यासारखा वाटला की समजायचं भूल चढली. प्रत्यक्षात ओठ सुजलेला नसतो. दोन-तीन तास ती बधिरता राहते, तोवर जेवू नये. लहान मुलं तर नकळत स्वतःचा ओठ चावतात. मग ड्रिल. ते मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं, तो उंच आवाज त्याचाच, आणि सोबत पाण्याचा फवारा असतो, कारण घर्षणाच्या उष्णतेने नस भाजू नये. किडलेलं डेंटीन मऊ, ओलसर, कातडीच्या पापुद्र्यासारखं सुटतं. पूर्वी ते शेवटच्या कणापर्यंत खरवडायची पद्धत होती. आता नसेच्या अगदी जवळ कीड गेली असेल तर तिथला थोडा मऊ भाग मुद्दाम ठेवतात आणि वरून घट्ट बंद करतात. साखर मिळेनाशी झाली की तिथले जंतू निष्प्रभ होतात आणि नस उघडी पडायची टळते.

पोकळी तयार झाली की भरायचं. दाताच्या रंगाचं जे भरतात ते कंपोझिट. त्याआधी निळसर जेल लावतात, ते फॉस्फोरिक आम्ल असतं. पंधरा-वीस सेकंदांत धुऊन टाकतात. इनॅमल त्याने किंचित खडबडीत होतं आणि वरून लावलेला बाँड, म्हणजे चिकटवणारा पातळ द्रव, त्या सूक्ष्म खळग्यांत शिरून पकड घेतो. आम्लाने दात जातो हे आत्ताच सांगितलं. तेच आम्ल मोजून वापरलं की भरलेलं टिकायला मदत होते, ही युक्ती मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवली, आणि आजची अर्धी दंतचिकित्सा तिच्यावर उभी आहे. कंपोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी घालतात आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश धरून कडक करतात. एकदम सगळं भरलं तर प्रकाश तळापर्यंत पोचत नाही. शेवटी रंगीत कागद दातांत धरून टकटक चावायला सांगतात; जिथे ठसा जास्त उमटतो तिथे भराव उंच आहे. भूल असताना उंची नीट कळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आधी तिथेच दात टेकतो असं वाटलं तर फोन करून परत जावं. तो पाच मिनिटांचा घासण्याचा प्रश्न असतो, पण तसंच चावत राहिलं तर दाढ दुखायला लागते.

लोक ज्याला नुसतं सिमेंट म्हणतात ते बहुधा ग्लास आयोनोमर. ते दाताला स्वतःहून चिकटतं आणि थोडं फ्लोराईडही सोडत राहतं, पण चावण्याच्या जोराला कंपोझिटइतकं टिकत नाही. जुन्या लोकांच्या दाढांत दिसणारी चांदी म्हणजे अमाल्गम; त्यात वजनाने निम्मा पारा असतो, आणि पाऱ्याचं प्रदूषण कमी करायच्या मिनामाता करारानंतर त्याचा वापर घटत चालला आहे. वडिलांच्या दाढेत तीस वर्षांपूर्वीची चांदी घट्ट बसलेली असेल तर ती मुद्दाम उकरून काढायचं कारण नाही.

नसेपर्यंत पोचल्यावर

इथून पुढे दुखण्याचा प्रकार ओळखणं फार उपयोगाचं आहे. गार लागलं, कळ आली आणि पाच-दहा सेकंदांत गेली, तर नस चिडलेली आहे पण वाचू शकते, भरून भागतं. गार गेल्यावरही कळ मिनिटभर रेंगाळते, गरमाने वाढते, काही न खाता आपोआप उठते, आडवं झालं की ठणकते, तर नस बहुधा परत येणार नाही. दाताचं आवरण कठीण असल्यामुळे आतल्या सुजेला जागा नसते, दाब वाढतो, आणि आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त गेल्याने तो आणखी वाढतो. रात्रीचा ठणका हा असा.

यानंतर बऱ्याचदा एक फसवी गोष्ट घडते. दोन-चार दिवस असह्य दुखून दाढ अचानक शांत होते. घरचे म्हणतात, बरं झालं, जाऊ दे आता. नस मेली म्हणून दुखायचं थांबलेलं असतं. जंतू आता मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू होतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजतो.

लवंगेच्या तेलाने तासा-दोन तासांचा आराम मिळतो. त्यातलं युजेनॉल खरोखर बधिर करतं, दवाखान्यातल्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही ते असतं. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये, ती हिरडी भाजते. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून घेणं यात काही हशील नाही. मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच उरलेला नसतो, तेव्हा रक्तातून जाणारं औषध तिथे पोचणार कसं? सूज पसरलेली असेल, ताप असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात, पण दातातलं मूळ साफ केल्याशिवाय तो पुन्हा सुजतोच. जबड्याखाली किंवा मानेकडे सूज उतरली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर दवाखान्याची वेळ बघत बसू नये, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं. दाताच्या संसर्गाने जीव जाऊ शकतो.

रूट कॅनाल म्हणजे तीच खराब नस काढून आतली जागा साफ करून बंद करणं. समोरच्या दाताच्या मुळात नसेची बहुधा एकच नळी असते, खालच्या दाढेला साधारण तीन, वरच्या पहिल्या दाढेला पुष्कळदा चार, आणि ती चौथी सापडायला अवघड असते. दाताभोवती रबराचा पातळ पडदा बसवला तर लाळ आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. डॉक्टर तो वापरत असतील तर थोडी अडचण सोसा, तो तुमच्याच भल्याचा आहे. केसाएवढ्या बारीक कानशींनी नळ्या घासतात, सोडियम हायपोक्लोराईट या जंतुनाशक द्रावणाने पुन्हा पुन्हा धुतात. एक छोटं यंत्र बीप करून सांगतं की मुळाचं टोक आलं, पुढे जाऊ नका. शेवटी गटापर्चा भरतात, हा आग्नेय आशियातल्या एका झाडाचा चीक आहे. नीट भूल दिलेली असेल तर यात दुखत नाही. पू झालेला असताना मात्र भूल कमी चढते, कारण तिथला भाग आम्लधर्मी झालेला असतो. रूट कॅनाल दुखतं ही ख्याती बरीचशी उशिरा येणाऱ्यांच्या अनुभवातून आली आहे. नंतर दाढेवर कॅप बसवायला सांगतात ती टाळू नका. कीड आणि कोरणं यात दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात, शेंगदाणा चावतानाही ती उभी चिरते, आणि मग ती काढण्याशिवाय इलाज राहत नाही.

वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती पुण्यातही शिकल्या-सवरल्या घरांत ऐकू येते. वरच्या दातांची संवेदना चेहऱ्याच्या एका वेगळ्या मज्जातंतूतून जाते, दृष्टीचा मज्जातंतू निराळा. चाळिशीच्या सुमारास दाढा काढायची वेळ येते आणि त्याच सुमारास चष्माही लागतो, एवढाच त्यांचा संबंध.

मुलं आणि म्हातारी माणसं

दुधाचे दात पडणारच आहेत, मग कशाला उपचार? हा प्रश्न आयांपेक्षा आजी-आजोबा जास्त विचारतात. दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत लागतात. त्या आधीच काढाव्या लागल्या तर शेजारचे दात जागेत सरकतात आणि कायमचे दात वेडेवाकडे येतात. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे समोरचे दात ओळीने किडतात, तेही दुधाचेच. खुर्चीत शांत न बसणाऱ्या लहान मुलासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड हे औषध नुसतं ब्रशने लावतात आणि कीड थांबते. किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो, हे आईवडिलांना आधीच सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

सहाव्या वर्षी मुलाच्या तोंडात सर्वांत मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि किडली तरी दुधाचीच असेल असं समजून सोडून देतात. ती जन्मभराची दाढ आहे. तिच्या खाचा खोल असतात. त्यांत सीलंट नावाचा पातळ लेप भरून ठेवला तर अन्न अडकत नाही. पहिलीत जाणाऱ्या मुलाचं तोंड उजेडात उघडून एकदा बघाच.

साठीनंतर हिरड्या खाली जातात आणि मुळं उघडी पडतात. मुळांवर इनॅमल नसतं, त्यांचं खनिज पीएच सहाच्या वर असतानाच जायला लागतं. त्यात रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, मधुमेहातही पडतं. लाळ कमी, म्हणजे जमेची बाजूच आटली. अशा माणसांनी कोरड पडते म्हणून दिवसभर गोड गोळ्या चघळू नयेत, पाण्याचे घोट घ्यावेत, आणि दर सहा महिन्यांनी दात दाखवावेत.

खर्चाची अडचण खरी आहे, आणि दुखेपर्यंत थांबण्यामागे तीही असते. पुण्यात त्याला एक चांगला मार्ग आहे. धनकवडीचं भारती विद्यापीठ दंत महाविद्यालय, कॅम्पातलं आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला दंत महाविद्यालय, वडगावचं सिंहगड दंत महाविद्यालय, पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय, या ठिकाणी बाह्यरुग्ण विभागात विद्यार्थी डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खासगी दवाखान्यापेक्षा पैसे बरेच कमी लागतात, वेळ जास्त लागतो, कारण प्रत्येक टप्पा वरिष्ठ येऊन तपासतात. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. जुने एक्स-रे असतील तर न्यावेत, चालू औषधांच्या चिठ्ठ्या न्याव्यात. मधुमेह असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, गरोदरपण असेल तर ते विचारायच्या आधीच सांगावं. आणि रक्त पातळ करायची गोळी दात काढायचा आहे म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये, ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं.